पॅकमन अपडेट करताना ‘पारू’ आडवी येते आहे : डिपेंडन्सी एरर, मदत हवी

द्राक्षबाग | १२ जुलै २०२५, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. मी कामानिमित्त श्टुटगार्टला असतो, सध्या सुट्टीत निफाडला घरी आलोय. इथे कपाटात माझा जुना लॅपटॉप आहे, त्यावर आर्च लिनक्स (ऑपरेटिंग सिस्टिम) आणि केडीई प्लाझ्मा (तिचा डेस्कटॉप). शेवटचं अपडेट फेब्रुवारी २०२४ मधलं, त्यानंतर तो फारसा उघडलाच गेला नाही. आता आईला तो हवाय. तिने आजीकडून आणि गावातल्या बायकांकडून ऐकलेल्या ओव्या वह्यांमध्ये उतरवून ठेवल्या आहेत, त्या तिला टाइप करायच्या आहेत. पूर्वी याच लॅपटॉपवर तिने दोनेकशे ओव्या टाइप केल्या होत्या, त्या अजून त्यातच आहेत.

काल रात्री पॅकमनने, म्हणजे आर्चच्या पॅकेज मॅनेजरने, अपडेट करायला बसलो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय.

सुडो पॅकमन -एसवाययू (एस मोठा, बाकी लहान)

पहिल्यांदा ‘कम्युनिटी.डीबी’ सापडत नाही, ४०४, असं म्हणून थांबला. शोधून पाहिलं तर कम्युनिटी नावाची रिपॉझिटरीच (पॅकेजेसचा साठा) बंद झाली आहे असं कळलं. पॅकमन.कॉन्फमधला तो विभाग काढून टाकला. बरोबर केलं ना? त्यानंतर याद्या उतरल्या, पॅकेजेसची भली मोठी रांग तयार झाली आणि शेवटी हे आलं :

एरर : फेल्ड टू प्रिपेअर ट्रान्झॅक्शन, कुड नॉट सॅटिस्फाय डिपेंडन्सीज
:: इन्स्टॉलिंग पॅकमन ब्रेक्स डिपेंडन्सी ‘लिबअल्पम.एसओ=१३-६४’ रिक्वायर्ड बाय पारू

पारू म्हणजे एयूआरमधली (वापरकर्त्यांनी दिलेल्या कृतींच्या साठ्यातली) पॅकेजेस बसवायला मी वापरतो तो प्रोग्रॅम. पॅकमन स्वतःलाच अपडेट करू शकत नाहीये, हे मला झेपत नाही. एका ठिकाणी ‘डिपेंडन्सी तपासू नकोस’ असा पर्याय द्या असं वाचलं. हात शिवशिवतोय, पण आईच्या ओव्यांची धास्ती आहे म्हणून आधी इथे विचारतोय.

---

कापूसकोंड्या | १२ जुलै, सकाळी १०:०५

मला मागे असाच त्रास झाला होता. यूएसआर/लिब मध्ये लिबअल्पम.एसओ.१३ या नावाची सिमलिंक बनवायची, ती नव्या फाइलकडे वळवायची. पारू चालायला लागते. पाच मिनिटांचं काम आहे.

---

टर्मिनलवाली | १२ जुलै, सकाळी १०:५०

द्राक्षबाग, हात आवरलात हे फार चांगलं केलंत. आत्ता तुमच्या लॅपटॉपवर काहीही बिघडलेलं नाही. ही एरर काम सुरू होण्याच्या आधीची आहे. पॅकमनने सगळा हिशोब मांडून पाहिला, तो जुळला नाही, म्हणून त्याने एकाही फाइलला हात लावला नाही.

सर्वात आधी ओव्या पेनड्राइव्हवर घ्या. लॅपटॉप चालू होतोय तोवरच. नंतर पुढचं वाचा.

आता ती ओळ उलटीकडून वाचू. शेवटचा शब्द ‘पारू’, म्हणजे अडवणारी तीच. तिला काय हवंय? लिबअल्पम.एसओ, क्रमांक १३, ६४ बिट. लिबअल्पम हे पॅकमनचं काळीज. पॅकेजेसची नोंदवही वाचणं, कोण कोणावर अवलंबून आहे ते ताडणं, सही तपासणं, सगळं ही लायब्ररी करते. पॅकमन ही कमांड तिचा फक्त चेहरा आहे. पारूही त्याच काळजावर चालते.

तो १३ हा आकडा दर अपडेटला बदलत नाही. जुन्या प्रोग्रॅमला नवी लायब्ररी चालणार नाही इतका आतला बदल झाला, तरच तो पुढे सरकतो. पॅकमन ६.० बरोबर १३ होता. मार्च २०२४ मध्ये ६.१ आलं तेव्हा १४ झाला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आर्चमध्ये ७.० आलं तेव्हा १५. तुमचा लॅपटॉप ६.० वर झोपला आणि ७.० च्या दिवसांत उठला.

मग हाच आकडा वापरणाऱ्या बाकीच्या पॅकेजेसनी का नाही अडवलं? उदाहरणार्थ पॅकमन-कॉन्ट्रिब. कारण ती अधिकृत रिपॉझिटरीत आहेत. लायब्ररीचा आकडा बदलला की सांभाळणारे लोक तिच्यावरची पॅकेजेस नव्याने बांधतात आणि सगळी एकत्र सोडतात. पारू एयूआरमधली. ती तुम्ही तुमच्याच लॅपटॉपवर बांधली होती, त्यामुळे ती परत बांधणंही तुमच्याचकडे. आईंच्या ओव्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते : जात्याच्या खालच्या दगडाची खीळ जाड केली, तर वरच्या दगडाचं भोकही पुन्हा मापाचं करून घ्यावं लागतं. दगड फेकून द्यायचा नसतो, आणि तसाच ठोकून बसवायचाही नसतो.

कम्युनिटीचा विभाग काढलात ते बरोबरच. मे २०२३ मध्ये ती रिपॉझिटरी ‘एक्स्ट्रा’मध्ये मिसळली. कोणाचं अडू नये म्हणून रिकामी चौकट जवळपास दोन वर्षं ठेवली होती, ती १ मार्च २०२५ ला काढली.

---

टर्मिनलवाली | १२ जुलै, सकाळी ११:०५

कापूसकोंड्या, तुमचा हेतू मदतीचाच आहे, पण ती सिमलिंकची युक्ती कृपया कोणाला सुचवू नका. आकडा बदलला म्हणजे आतल्या रचना बदलल्या. नाव १३ चं आणि पोट १५ चं अशी फाइल समोर ठेवली, की प्रोग्रॅम सुरू होतो खरा, पण चुकीच्या जागी चुकीची माहिती वाचतो. साध्या खेळात क्रॅश होऊन सुटका होईल. इथे मात्र तो प्रोग्रॅम रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने पॅकेजेस बसवतो आणि काढतो. शिवाय ती हाताने बनवलेली फाइल कोणत्याच पॅकेजच्या मालकीची नसते, त्यामुळे सहा महिन्यांनी ती कुठून आली हे कोणालाच आठवत नाही.

---

कापूसकोंड्या | १२ जुलै, सकाळी ११:३०

पटलं. माझ्या मशीनवर ती लिंक अजून आहे. आजच काढतो आणि पारू नव्याने बांधतो.

---

घाटमाथा | १२ जुलै, दुपारी १२:१५

‘डिपेंडन्सी तपासू नकोस’ या पर्यायाबद्दल माझा अनुभव सांगतो, कारण द्राक्षबाग यांचा हात तिथेच शिवशिवतोय.

नोव्हेंबर २०२२. आर्चमध्ये ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी, लिबक्रिप्टो तिचाच भाग) १.१ वरून ३ वर गेलं. मला घाईत एकच पॅकेज हवं होतं, म्हणून पॅकमन -एसवाय आणि पुढे पॅकेजचं नाव असं दिलं. ‘वाय’ याद्या ताज्या करतो, ‘यू’ मशीन अपडेट करतो. तो ‘यू’ गाळला. याद्या आजच्या, मशीन दोन महिन्यांपूर्वीचं. त्या पॅकेजने डिपेंडन्सी म्हणून नवं ओपनएसएसएल ओढून आणलं. मध्ये एका जुन्या पॅकेजची तक्रार आली, तिथे मी -डीडी देऊन तिचं तोंड बंद केलं. पुढची कमांड मारली तर पॅकमन म्हणाला, लिबक्रिप्टो सापडत नाही. नवी लायब्ररी आली होती, जुनी गेली होती, आणि पॅकमन स्वतः जुनीवर बांधलेला होता. ज्याने दुरुस्ती करायची तोच आडवा.

दुसऱ्या दिवशी मित्राच्या मशीनवर आर्चची आयएसओ पेनड्राइव्हवर चढवली, त्यातून बूट केलं, माझं विभाजन /एमएनटी वर माउंट केलं आणि

पॅकमन --सिसरूट /एमएनटी -एसवाययू

असं दिलं. म्हणजे पॅकमन पेनड्राइव्हवरचा, दुरुस्ती माझ्या डिस्कची. सगळं परत आलं. पण ती रात्र मी फार वाईट काढली, कारण त्या डिस्कवर मुलीचे फोटो होते आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती.

तेव्हापासून ‘वाय’ दिला की ‘यू’ देतोच. आर्चमध्ये अर्धवट अपडेटला आधार नाही हे विकीवर स्पष्ट लिहिलेलं आहे. ते मी वाचलंही होतं, पण त्याचा अर्थ त्या रात्री कळला.

---

द्राक्षबाग | १२ जुलै, दुपारी १:००

ताई, घाटमाथा दादा, मनापासून आभार. ओव्या दोन पेनड्राइव्हवर घेतल्या, शिवाय स्वतःला मेलही केल्या. आता क्रम सांगाल का? आणि आधी २०२४ चं अपडेट, मग २०२५ चं, असं टप्प्याटप्प्याने जावं लागेल का? आर्चच्या अर्काइव्हमध्ये दर दिवसाची रिपॉझिटरी तारखेनुसार ठेवलेली असते असं वाचलं.

---

टर्मिनलवाली | १२ जुलै, दुपारी २:२०

अर्काइव्ह आहे, आणि मिररच्या (पॅकेजेस जिथून उतरतात त्या सर्व्हरच्या) जागी एखाद्या तारखेचा पत्ता देऊन त्या दिवसापर्यंत येता येतं. चार-पाच वर्षं बंद असलेल्या मशीनला मी तो रस्ता सुचवेन. जानेवारी २०२० पासून पॅकेजेस झेडस्टँडर्ड नावाच्या कॉम्प्रेशनमध्ये येतात. त्याआधीचं फारच जुनं लिबआर्काइव्ह (पॅकेजेस उघडणारी लायब्ररी) असेल तर ती उघडतच नाहीत, अशा वेळी सरळ उडी मारता येत नाही. तुमचा काळ सतरा महिन्यांचा आहे. सरळ या.

१. लॅपटॉप चार्जरला लावा, बॅटरीवर नको. दिवे जाण्याचा भरवसा नसेल तर जिथे इन्व्हर्टर आहे तिथे बसा. अपडेट मध्येच तुटणं हे डिपेंडन्सी एररपेक्षा कितीतरी वाईट.

२. पारू काढा : सुडो पॅकमन -आर पारू. नुसता मोठा आर. तिच्या सेटिंगच्या फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये राहतात, आणि तिने बसवलेली पॅकेजेसही जागेवरच राहतात. फक्त ती जाते.

३. किरिंग : सुडो पॅकमन -एसवाय आर्चलिनक्स-किरिंग. इथे ‘यू’शिवाय ‘वाय’ दिसतोय, म्हणून घाटमाथा दादांचं वाचून दचकू नका. हे पॅकेज म्हणजे फक्त सांभाळणाऱ्यांच्या किल्ल्या, त्यात कोणतीही लायब्ररी नाही. सतरा महिन्यांत काही जणांच्या किल्ल्यांची मुदत संपली, नवे लोक आले. चालू मशीनवर हे काम दर आठवड्याला एक टायमर करतो, तुमचं कपाटात होतं. किरिंग न घेता गेलात तर ‘इन्व्हॅलिड ऑर करप्टेड पॅकेज’ असं येईल आणि डाउनलोडच खराब झालं असं वाटेल. मात्र यानंतर लगेच पुढे जा, इथे थांबून जेवायला उठू नका.

४. फक्त डाउनलोड : सुडो पॅकमन -एसयूडब्ल्यू. सगळी पॅकेजेस कॅशमध्ये येऊन पडतील, बसणार काही नाही. गावच्या नेटवर हे वेगळं केलेलं बरं.

५. आता लिनक्स-फर्मवेअर (वायफाय, ग्राफिक्स अशा हार्डवेअरला लागणाऱ्या फाइल). हे सगळ्यांनाच लागलं आहे. जून २०२५ मध्ये त्या पॅकेजचे तुकडे केले : एनव्हिडिया, एएमडी, इंटेल वगैरे. २०२५०६१३ च्या आधीच्या आवृत्तीवरून येणाऱ्यांना ‘एडी१०३ एक्झिस्ट्स इन फाइलसिस्टम’ अशी तक्रार येते. अधिकृत उपाय असा आहे :

सुडो पॅकमन -आरडीडी लिनक्स-फर्मवेअर
सुडो पॅकमन -एसवाययू लिनक्स-फर्मवेअर

दोन कमांड एकामागोमाग. मध्ये रीस्टार्ट नाही, लॅपटॉप झोपवणं नाही. चालू असलेल्या वायफाय कार्डात फर्मवेअर आधीच चढलेलं असतं, पण रीस्टार्ट झाला तर परत चढवायला फाइलच नसेल. डाउनलोड चौथ्या पायरीत झालेलं असल्याने ही मधली वेळ काही मिनिटांचीच राहील.

पाचवी पायरी ग्राफिकल टर्मिनलमधून करू नका. तुम्ही प्लाझ्मा ५ वरून ६ वर जाताय, चालू डेस्कटॉपच्या पायाखालची फरशी बदलणार आहे. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून नुसत्या काळ्या पडद्यावर लॉगिन करा आणि तिथून करा. ‘अमुकच्या जागी तमुक घेऊ का’ असे प्रश्न येतील. अधिकृत रिपॉझिटरीचे असतील तर हो म्हणा.

---

घाटमाथा | १२ जुलै, दुपारी २:४५

मी -डीडीला इतकं वाईट म्हटलं आणि अधिकृत उपायातच ते आलं, म्हणून खुलासा. इथे काय काढतोय, का काढतोय आणि पुढच्या मिनिटाला तेच कसं परत येणार, हे सांभाळणाऱ्यांनी तपासून लिहिलं आहे. मी २०२२ मध्ये दिलं ते समोर काय लिहिलंय ते न वाचता. अशा सूचना आर्चच्या मुख्य पानावर बातम्यांमध्ये येतात. मोठ्या अपडेटआधी शेवटच्या अपडेटच्या तारखेपासूनच्या सगळ्या बातम्या वाचायच्या, दहा मिनिटं लागतात.

आणि प्लाझ्माची एक : ६.४ पासून एक्स११ चं (पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा, नवी ती वेलँड) सत्र वेगळं काढलंय. तुम्ही एक्स११ वापरत असाल तर प्लाझ्मा-एक्स११-सेशन हे पॅकेज हाताने बसवा, नाहीतर लॉगिनच्या पडद्यावर तो पर्याय दिसणार नाही.

---

मधुमालती | १२ जुलै, दुपारी ३:३०

मी उबुंटूवाली, तरी धागा वाचतेय. माझ्याकडे २४.०४ वर आल्यापासून पॅकेजच्या नावांपुढे ‘टी६४’ दिसतं. लिबॲप्टच्या नावातसुद्धा. एका जुन्या बाहेरच्या डेब फाइलला (उबुंटूच्या पॅकेजला) टी६४ नसलेलं नाव हवंय आणि ॲप्ट (आमचा पॅकमन) नाही म्हणतोय. हा असाच प्रकार का?

---

टर्मिनलवाली | १२ जुलै, दुपारी ४:१०

मुळात तोच. ३२ बिटमध्ये मोजलेली वेळ १९ जानेवारी २०३८ ला संपते, म्हणून डेबियन आणि उबुंटूने ३२ बिट आर्मसारख्या ठिकाणी वेळेचा आकडा ६४ बिट केला. लायब्ररीचा आतला आकार बदलला म्हणून नाव बदललं. तुमच्या नेहमीच्या ६४ बिट मशीनवर आत काहीच बदललेलं नाही. तिथे बहुतेक टी६४ पॅकेजेस ‘जुन्या नावाचं कामही मीच करतो’ असं जाहीर करतात, त्यामुळे साधारणपणे अडू नये. तरी अडतंय म्हणजे ती डेब फाइल बहुधा आणखी जुन्या लायब्ररीवर बांधलेली आहे. तिची २४.०४ साठीची आवृत्ती शोधा. जुनी लायब्ररी मागच्या उबुंटूमधून उचलून बसवू नका. नक्की एरर लागली तर वेगळा धागा काढा, मी येते तिथे.

---

प्रयोगशाळा_७ | १२ जुलै, संध्याकाळी ५:००

मी एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. आमच्याकडे आर्चची १८ मशीन आहेत, आणि आम्हीच बांधलेली काही पॅकेजेस एका फोल्डरमध्ये ठेवून तीच लोकल रिपॉझिटरी म्हणून वापरतो. पॅकमन ७ आल्यापासून तिच्यातलं काहीच उतरत नाही, परवानगी नाही म्हणतो. फोल्डर तर रूटच्या मालकीचा आहे, रूटनेच कमांड देतोय. गेले कित्येक महिने एकेक पॅकेज हाताने बसवतोय. विद्यार्थी थांबून राहतात, वाईट वाटतं.

---

टर्मिनलवाली | १२ जुलै, संध्याकाळी ५:४०

अहो, हे आधी विचारायचंत! पॅकमन ७ पासून डाउनलोडचं काम रूट करत नाही. ‘अल्पम’ नावाचा कमी अधिकारांचा वापरकर्ता करतो. नेटवरून येणारी गोष्ट रूटच्या हातात थेट पडू नये म्हणून हा बदल केला, आणि तो चांगला आहे. पण त्या अल्पमला तुमच्या फोल्डरमध्ये शिरता येत नाहीये. फोल्डरचा गट बदला :

सुडो सीएचओन :अल्पम -आर, पुढे फोल्डरचा पत्ता (इथेही आर मोठा)

त्याच्या वरच्या सगळ्या फोल्डरमधून जाण्याची परवानगीही त्या गटाला हवी. कोणाच्या होममध्ये ठेवला असेल तर बहुतेक तिथेच अडत असेल, होम इतरांना बंद असतं. एसआरव्ही या सिस्टिमच्या फोल्डरखाली हलवा, सोपं पडेल. सप्टेंबर २०२४ च्या बातमीत हे आहे.

---

द्राक्षबाग | १२ जुलै, रात्री ११:२०

चालू अहवाल. पारू काढली. किरिंग झालं. डाउनलोडला अडीच तास लागले. काळ्या पडद्यावर फर्मवेअर आणि अपडेट, दोन्ही कमांड कागदावर लिहून ठेवूनच दिल्या. आई शेजारी बसून होती, ओळी पळताना बघत होती. एकही एरर आली नाही. रीस्टार्ट केला, प्लाझ्मा ६ उघडलं.

दोन गोष्टी राहिल्या. एक, पॅकमन.कॉन्फ.पॅकन्यू नावाची फाइल आली आहे. दोन, आईचा मराठी कीबोर्ड गेला. आयबस (इतर भाषांत टाइप करायचा प्रोग्रॅम) चालू आहे, पण मराठी येत नाही.

---

टर्मिनलवाली | १३ जुलै, सकाळी ८:१५

शाब्बास!

पॅकन्यू म्हणजे तुम्ही हाताने बदललेली फाइल पॅकमनने तशीच ठेवली आणि नवी कशी असायला हवी ते शेजारी ठेवलं. पॅकडिफने दोन्ही समोरासमोर बघा. नव्यात ‘डाउनलोडयूजर = अल्पम’ अशी ओळ असेल, ती घ्या. तुमचे स्वतःचे बदल राखा.

कीबोर्डसाठी आधी पॅकमन -क्यूएम द्या. अधिकृत रिपॉझिटरीत नसलेल्या, म्हणजे एयूआरच्या किंवा आता वगळलेल्या पॅकेजेसची यादी येईल. मराठी लेआउटचं काही त्यात आहे का पाहा. नसेल तर प्लाझ्मा वेलँडवर उघडलंय का ते बघा. वेलँडमध्ये सिस्टिम सेटिंग्जच्या व्हर्च्युअल कीबोर्डमध्ये आयबस निवडावा लागतो, एक्स११ सारखा तो आपोआप जोडला जात नाही.

---

द्राक्षबाग | १३ जुलै, सकाळी १०:५०

वेलँडच होतं. तिथे आयबस निवडला, मराठी आलं. आईला इनस्क्रिप्टच येतं, तेच लावलं.

पारू परत बांधायला घेतली. गिटने एयूआरवरून तिचा फोल्डर उतरवला आणि मेकपीकेजी -एसआय. रस्टमध्ये लिहिलेली असल्याने पंखा बराच वेळ जोरात फिरला. आयती बांधलेली पारू-बिन घेणार होतो, पण ती दुसऱ्या कोणाच्या मशीनवर कोणत्या लिबअल्पमवर बांधली आहे हे आपल्या हातात नाही, हे आता कळतंय. एलडीडी लावून बघितलं, नवी पारू लिबअल्पम.एसओ.१५ कडे बोट दाखवते.

क्यूएमच्या यादीत नऊ पॅकेजेस निघाली. पाच काढली, चार पुन्हा बांधली.

---

प्रयोगशाळा_७ | १३ जुलै, दुपारी १२:३०

फोल्डर होममध्येच होता. आज रविवार असूनही जाऊन एसआरव्हीखाली हलवला, गट बदलला. सहा मशीनवर तपासलं, सहाही चालली. उरलेली बारा उद्या. टर्मिनलवाली ताई, खूप आभारी आहे.

---

कापूसकोंड्या | १३ जुलै, दुपारी १:१०

सिमलिंक काढली, पारू बांधली. माझा वरचा प्रतिसाद कोणी वापरू नये. संपादकांना तो तसाच ठेवून त्याखाली तशी सूचना घालायला सांगितलं आहे, म्हणजे ताईंचं उत्तर कशाला आहे ते पुढच्या वाचकाला कळेल.

---

द्राक्षबाग | १३ जुलै, संध्याकाळी ७:४५

शेवटचं. पॅकमन -डीके चालवलं (डी मोठा). नोंदवहीत एकही चूक नाही असं उत्तर आलं.

मी १९ तारखेला परत जातोय. आईला एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय : दर रविवारी लॅपटॉप चार्जरला लावायचा आणि मला फोन करायचा. बातम्या मी तिथे वाचणार, कमांड ती इथे देणार. आज तिने स्वतः एकदा देऊन पाहिली. ‘देअर इज नथिंग टू डू’ असं आलं, त्याचा अर्थ सांगितला. आता ती बाराव्या वहीवर आहे.